ढब्बूचा पंजा

२ मार्च
ढब्बू उजवा पंजा चाटत बसतो. केस गेले, आता मांस दिसायला लागलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडीचा रोग नाही, अस्वस्थ कुत्र्यांना अशी सवय लागते. मी म्हटलं, घरात आम्ही दोघंच, अस्वस्थ व्हायला आहे काय? त्यांनी मलम लिहून दिलं.

लेक फोनवर म्हणाली, बाबा, महिनाअखेर जखम भरली नाही तर त्याला मी नेणार. मी म्हटलं, खुशाल ने. पण वेळच येणार नाही. नोकरीभर बँकेची स्ट्राँगरूम सांभाळली, एक पंजा सांभाळता येणार नाही होय?

४ मार्च
गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली. ढब्बू दारात अडकला आणि मागे सरकायचं न सुचल्यामुळे तसाच उभा राहिला. सोडवला. मग दिवसभर कॉलर आतून चाटत होता. पंजाला तेवढाच आराम. प्रगती आहे.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंचा नवा हुकूम. तो चाटत असताना ओरडायचं नाही, लक्षच द्यायचं नाही. शांत बसला की बक्षीस. सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची टाकून लक्ष देत नव्हतो. तो माझ्याकडे बघत चाटत राहिला. दुपारी एकदाचा शांत झाला, म्हणजे झोपला. बिस्कीट द्यायला उठवला. बिस्कीट खाऊन पुन्हा चाटायला लागला. कुत्र्याला शास्त्र कळत नाही, त्याला मी काय करू?

१० मार्च
चाटण्याआधी काय घडतं यावर नजर ठेवा म्हणाल्या. ठेवली. काही म्हणजे काही घडत नाही. मी उठतो, दाराचं कुलूप ओढून बघतो, गॅस बघतो, खिडकीची कडी बघतो, परत कुलूप. ढब्बू मागे मागे येतो. मी बसतो, तो चाटतो. फोन करून कळवलं, विनाकारण आहे.

१४ मार्च
मोबाईल कपाटावर उभा करून शूटिंग केलं, दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुत्र्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसता. मी सॉरी म्हटलं. कुलूप बघताना मधेमधे आलो, तेवढं सोडून बघा. त्यांनी चष्मा काढून विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, बायको वारली तेव्हापासून चाटतो. कुत्रा तिचाच. त्या म्हणाल्या, चाटण्याचं नाही विचारत मी.

एक संध्याकाळ कुलपाला हात न लावता काढून बघा म्हणाल्या. ढब्बूसाठी.

१५ मार्च, संध्याकाळ
आज हात लावायचा नाही. ढब्बूसाठी करायचं, मला काय त्याचं? सोपं आहे. ढब्बू पायाशी आडवा पडला आहे. चाटत नाही. वा.

थोड्या वेळाने
कुलूप नुसतं बघून आलो. हात लावला नाही. ढब्बू उठून सोबत आला.

त्यानंतर
लावला. पण हळूच.
ढब्बू चाटतो आहे. मलम बदलून मागायला हवं.

३० मार्च
लेक आली. पंजा बघितला. त्याची वाटी, पट्टा, जुनी चादर पिशवीत भरली. बाबा, तुम्हीही चला म्हणाली. मी म्हटलं, घर कोण बघणार? ती म्हणाली, घरात बघण्यासारखं आता काय आहे? तिचं बरोबर असेल. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गाडीच्या काचेतून ढब्बू माझ्या हाताकडे बघत होता. हात कुलपावर होता.

१२ एप्रिल
लेकीचा फोन. जखम भरली, बारीक केस यायला लागले. तिकडे गेल्यापासून एकदाही चाटलं नाही म्हणे. मी म्हटलं, बघ, माझी ट्रीटमेंट लागू पडली, वेळ लागतो इतकंच. ती म्हणाली, जेवलात का?

जेवलो. गॅस बंद आहे, कडी लावलेली आहे. कुलूप ओढून बघितलं. परत फिरताना सवयीने म्हटलं, चल रे. मग तिथेच उभा राहिलो, आणि उभा होतोच म्हणून कुलूप पुन्हा ओढून बघितलं.