बुडबुडाईचा मुक्काम

विश्रांतवाडी,
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप कोंडीराममामा यांस,

भाचा सूरज याचा खरोखर वाकून नमस्कार. (वाकताना टेबलाचा कोपरा कपाळाला लागला, म्हणून या ओळीतलं अक्षर थोडं हललं आहे.) तुमचा गुडघा आता दुमडतो का? मामींचा खोकला गेला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर मला कुणी का कळवलं नाही? मी इकडे ठीक आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि अधूनमधून घाबरतो. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही सगळं ऐकून नुसतं ‘बरं’ म्हणता आणि ठेवून देता, आणि त्या ‘बरं’चा अर्थ हो की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. शिवाय या भाड्याच्या खोलीची भिंत फार पातळ आहे आणि भिंतीपलीकडे घरमालकीण दुर्गाबाई राहतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर जाता कामा नये, म्हणून लिहूनच कळवतो आहे. (माझी सवय तुम्हाला माहीत आहेच. बारावी राहिली तरी काना-मात्रा राहू नये म्हणून प्रत्येक वाक्य लिहिलं की एकदा मोठ्याने म्हणून बघतो.)

दुर्गाबाईंची मुलगी दीपमाला मामींनी दिवाळीत पाहिली आणि पसंत केली. दुर्गाबाईंचं म्हणणं असं, की मुलगा निरुपद्रवी आहे, नोकरी कायम झाली की बोलू. आमच्या साहेबांचं, म्हणजे इंद्रजीत साहेबांचं, म्हणणं असं, की तुझ्या काठावरची नदी सुधारली की तू कायम. म्हणजे मामा, माझं लग्न मुळा नदीच्या तब्येतीवर अडलेलं आहे. आपल्या घराण्यात कुणाचं लग्न हुंड्यावर अडलं असेल, पत्रिकेवर अडलं असेल, पण नदीवर अडलेला मी पहिलाच.

आमची पाण्याची कंपनी नदीत येणारं गटाराचं पाणी गाळते, जलपर्णी उपसते आणि जिथे नदीचा जीव फारच गुदमरलेला असतो तिथे एक तरंगतं यंत्र सोडते. ते पाण्याच्या पोटात हवा सोडतं, मग बुडबुडे येतात आणि पाण्याला प्राणवायू मिळतो. या यंत्राची देखभाल करायची, मीटर पाण्यात बुडवून प्राणवायू मोजायचा आणि कुणी नदीत काही टाकायला आलं तर शिट्टी वाजवायची, ही माझी नोकरी. पुण्यातले लोक शिट्टीला किती मान देतात ते विचारू नका. एका गृहस्थांनी गाडी थांबवली, निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीला मनोभावे नमस्कार केला, ती पुलावरून खाली सोडली आणि मला म्हणाले, “शिट्टीच वाजवायची तर घरी जाऊन कुकर लावा.” (मी तेव्हाही त्यांना ‘अहो’च म्हणत होतो.)

आता चूक सांगतो, पण ती चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. नवं यंत्र सुरू करताना नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा, हे कुणीही करतं. मीही केलं. त्यात कंपनीचा नियम असा, की होडीवाल्याला लांबून दिसावं म्हणून यंत्राला लाल कापड बांधावं. दुकानात लाल कापड म्हणून मिळाला तो हिरव्या काठांचा खण. वाकडंतिकडं बांधलेलं मला बघवत नाही, म्हणून मी त्याला नीट निऱ्या घातल्या. मग यंत्र मधल्या पाण्यात सोडलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई बायकांबरोबर फिरायला आल्या. नदीच्या मधोमध खण, कुंकू, हार आणि खालून पाणी उसळतंय! “अगं बया, नदी जागी झाली!” असं म्हणून त्यांनी चपला काढल्या. मी (हळूच) म्हणालो, मावशी, ते यंत्र आहे, त्याच्यामुळे नदीला श्वास घेता येतो. “मग मी काय म्हणतीय? श्वास घेतीय!” मी मान डोलावली, कारण साहेबांनी आम्हाला शिकवताना हेच शब्द वापरले होते.

झालं. आठवडाभरात तिचं नाव बुडबुडाई पडलं होतं आणि ओटी भरायला रांग लागली होती. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, सगळं काठावरून नदीत. नारळ तर नेम धरून. बुडबुडाईला एकही लागला नाही. मला एक लागला, आणि प्रसाद म्हणून तोच मला दिला. मीटरमधला आकडा असा घसरला की मला वाटलं मीटरच बिघडलं. साहेब आले आणि म्हणाले, “सूरज, व्हॉट इज धिस? आपण नदी क्लीन करतोय का जत्रा भरवतोय?”

मग मी आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. मीटर दुर्गाबाईंच्या हातात दिलं आणि म्हणालो, मावशी, ही नदीची नाडी समजा, तुमच्या ओटीने ती मंद झाली आहे. त्यांनी मीटरकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या गळ्यात घातली. त्या दिवसापासून ओटी काठावरच्या टोपलीत. पुलावरून पडलेली पिशवी बायका काठीने ओढून काढतात आणि धावत जाऊन गाडीत परत देतात : “अहो, तुमचं विसरलं!” एका बिल्डरचा डंपर राडारोडा टाकायला आला तेव्हा दुर्गाबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. “टाका की. आधी मालकाचं नाव सांगा, म्हणजे आरतीत घेता येईल.” मामा, तो डंपर उलटाच्या उलटा रस्त्यापर्यंत गेला. माझ्या शिट्टीने सायकलसुद्धा कधी मागे गेली नव्हती.

आकडा चढत गेला. मासे दिसले. (मी ओरडलो. एका बगळ्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.) साहेब खूश झाले, म्हणाले, तुझं कायमचं पत्र टाइप झालंय, आता ही जागा बरी झाली, सोमवारी मशीन काढून खराडीच्या बाजूला ने, तिकडून आलास की पत्र घे.

आलं ना लक्षात? यंत्र हलवलं नाही तर नोकरी गेली. हलवलं तर देवी पळवली. आणि देवी पळवणाऱ्याला कोण मुलगी देईल? सोमवार जवळ आला आहे. बाकी सर्व क्षेम. हवा छान आहे. मामींना नमस्कार, म्हशीला गोंजारणे.

आपला आज्ञाधारक,
सूरज

ता. क. : रविवारी फेटा बांधून या. लेक माहेरी न्यायला मुऱ्हाळी आला की तिला कुणी अडवत नाही, आणि मुळा तुमच्या मुळशीकडूनच येते, म्हणजे तुम्ही तिच्या माहेरचेच झालात. (हे मी जुळवलेलं नाही, नकाशात बघा.) काठावर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, “बुडबुडाईला माहेरी न्यायला आलोय.” बायका डोळे पुसतील, तेवढ्यात मी बटण बंद करून तिला टेम्पोत चढवतो. टेम्पो माहेराऐवजी खराडीला वळेल, तेव्हा चेहरा गंभीर ठेवा. कृपा करून ‘बरं’ म्हणू नका, या.

ता. क. दुसरा : येताना मामींकडून शिदोरी आणि एक साडी आणा. रिकाम्या हाताचा मुऱ्हाळी दुर्गाबाई ओळखतील.

ता. क. तिसरा : वरचा मजकूर नेहमीप्रमाणे म्हणून बघत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून आधी दीपमालाचं हसू आलं आणि मग दुर्गाबाईंचा आवाज : “टेम्पो मोठा सांग. मशीन जड हाय ते, आम्ही पहिल्या दिवशीच बघितलंय. खण बांधलेल्या मशीनला लोक घाबरतात, तुला घाबरत नाहीत, म्हणून चालवून घेतलं. बायकांना माहेरचं मीच सांगते. शिट्टी मात्र मी देणार नाही.” मग त्या म्हणाल्या, की मामा एवढा फेटा बांधून येणारच आहेत तर आमच्या घरीही यावं, मुलीचं बोलणं त्याच फेट्यात उरकून घेऊ. तेव्हा मामा, साड्या दोन आणा.