विड्या वळणारं यंत्र

बाई, काल दुपारी खिडकीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि तुम्ही वर्गात आल्यासारखं वाटलं. पांढरी सुती साडी, बोटांना खडू, आणि काखेत वर्तमानपत्राची घडी. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आज मी तुमच्यापेक्षाही वयानं मोठी आहे, तरी हे लिहायला बसताना पाठ आपोआप ताठ झाली. अक्षर वाकडं आलं तर तुम्ही वहीवर नुसतं बोट टेकवायचात, काही बोलायचा नाहीत. त्या बोटाची भीती अजून गेलेली नाही.

नववीचा वर्ग. सकाळची शाळा सुरू झाली आहे, तरी दहा वाजताच वरचे पत्रे तापून कडकड वाजताहेत. तुम्ही आम्हा मुलींना सांगता, दोन हजार साली सोलापुरात ऊन असणार नाही. म्हणजे असेल, पण गावावर काचेचा घुमट असेल आणि ऊन हवं तेवढंच आत घेतलं जाईल. पाऊस बटणावर पडेल. नवी पेठेत कुणाला चालावं लागणार नाही, रस्ताच चालेल. आपण नुसतं उभं राहायचं आणि साडीचं दुकान आलं की उतरायचं. शाळेची सहल चंद्रावर जाईल आणि डबा म्हणून एकेक गोळी मिळेल, भाकरी-चटणीच्या चवीची. आणि माणसाचे हात? "हात उरतील ते टाळ्या वाजवायला आणि लेकरांना कुरवाळायला," असं म्हणून तुम्ही स्वतःच्या हातांकडे बघता. बाहेर कुठल्याशा कारखान्यात मागांची खटखट चालू असते, पण त्या क्षणी ती कुणालाच ऐकू येत नाही. तुमचं बोलणं ऐकताना अंग हलकं व्हायचं, बाई. चंद्रावर म्हणे वजन कमी भरतं; आम्हाला ते तुमच्या तासालाच कळलं होतं.

मग तुम्ही निबंध लिहायला दिलात, दोन हजार सालातलं सोलापूर. बाकीच्या मुलींनी उडत्या बसगाड्या लिहिल्या. मी लिहिलं, दोन हजार साली माझी आई विड्या वळत असेल आणि मी तिच्या शेजारी बसून विड्या वळत असेन. तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत.

"हे काय लिहिलंस?"

"खरं ते लिहिलं, बाई."

"खरं लिही असं कुणी सांगितलं होतं? पुढचं लिही म्हटलं होतं मी!"

तुमचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आणि मग तुमची नजर माझ्या बोटांवर गेली. तेंदूच्या पानांनी काळी पडलेली टोकं, दोऱ्यानं पडलेले काप. तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि हळू विचारलंत, "दहावीला येणार ना?" मी सांगितलं, अम्मा म्हणते एवढी परीक्षा झाली की बास. घरात रोजच्या हजार विड्या व्हायच्या तर माझे हात लागायचेच.

त्याच आठवड्यात तुम्ही पूर्व भागातल्या आमच्या घरी आलात. एकच खोली, तिच्या एका कोपऱ्यात चूल. वडील मागावर गेलेले. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू. तिनं तुम्हाला पाट दिला, पण हात थांबवले नाहीत. पान उचलायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोटांवर मोजत होतात. मग म्हणालात, मी एक करून बघू? तुमची विडी हातातच उलगडली आणि सगळी तंबाखू साडीवर सांडली. अम्मा तोंडाला पदर लावून हसली.

"बाई, ह्ये पुस्तकात न्हाय हो."

तुम्ही हसला नाहीत. "तुमच्या बोटांत जे आहे ते मला लोखंडात उतरवायचंय," तुम्ही म्हणालात. "मग हिचे हात मोकळे होतील. हिला शिकू द्या."

अम्माला त्यातलं किती कळलं देव जाणे. मला मात्र सगळं कळलं, आणि त्या दिवसापासून मी चालत नव्हते, तरंगत होते. तुमचे वडील कुर्डुवाडीला राहायचे, रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तुम्ही दर रविवारी गाडीनं त्यांच्याकडे जायला लागलात. जाताना अम्माकडून भिजवलेली पानं ओल्या फडक्यात बांधून न्यायचात आणि सोमवारी मला सांगायचात: आज पान फाटलं. आज दोरा अडकला. आज अर्धी वळली! महिनाभर सुट्टीचा तास आपण दोघी याच गोष्टी बोलत घालवला. मी मनात माझ्या मोकळ्या हातांची कामं ठरवत होते. एका हातानं वही धरीन, दुसऱ्यानं दुर्बीण.

आणि एका रविवारी सकाळी ते यंत्र हातगाडीवर बसून आमच्या अंगणात आलं. खाली शिलाई मशीनचा पायटा, वर रबराचे दोन रूळ, बाजूला दोऱ्याचं छोटं चाक. आळीतल्या बायका आपापली सुपं तिथंच ठेवून गोळा झाल्या. तुम्ही स्टुलावर बसलात, पान ठेवलंत, तंबाखू टाकलीत आणि पायटा दाबलात. रूळ फिरले, चाक गर्रकन फिरलं आणि खालच्या ताटलीत टप्पकन विडी पडली. घट्ट, सरळ, दोरा बांधलेली. मग दुसरी, मग तिसरी. तुमच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा दिसत होता, जणू तुम्ही पृथ्वी सोडून वर निघाला आहात. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच वाजवल्या.

शेजारची म्हातारी अक्का पुढं आली. तिनं विडी उचलून दाबून पाहिली, वास घेतला.

"बेस हाय. बाई, ह्ये मशीन किती बायकांचं काम करंल?"

"हे पायट्याचं आहे, दोघींचं करेल," तुम्ही उत्साहानं म्हणालात. "पण विजेवर मोठं केलं ना, तर एकटं पन्नास जणींचं करेल!"

"मंग आमी पन्नास जणींनी काय करायचं?"

"काहीच नाही! आराम करायचा. वाचायचं. फिरायचं. चंद्रावर जायचं!"

कुणी हसलं नाही. ताटलीत पडलेली शेवटची विडी घरंगळत कडेला जाऊन थांबली. तुम्ही एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होतात. मग अम्माला म्हणालात, "पण तुम्हाला थकवा येत नाही?"

"येतो की. लई येतो. पाठ मोडती." अम्मा तुमच्यासमोर जमिनीवर बसली. "पर बाई, माझ्या विड्यांवर हितं चूल पेटती. म्हणून घरात माझं ऐकत्यात. पोरीला शाळंत घालायचं का न्हाय, ह्ये मी ठरवते. उद्या मशीन आलं, की मला कोण इचारंल?"

तुम्ही पायट्यावरचा पाय काढून घेतलात. अम्मानं चहा टाकला. तुम्ही कप हातात धरून बसलात, चहा निवून गेला. मग अम्मानं माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हाला म्हणाली,

"मशीन घिऊन जावा, बाई. अन् पोरीला बी न्या. दहावीला बसवा."

"आणि तिच्या वाटच्या विड्या?"

"आमी हाय की," म्हातारी अक्का दारातून म्हणाली. "चार हिच्या अम्मानं जास्त वळायच्या, चार मी. तुमी यवढं लोखंड वळवलं, आमाला काय हुतंय?"

तुम्ही पदरानं डोळे पुसलेत. मी मात्र तेव्हा रडले नाही. मला त्या गाडीवरून परत जाणाऱ्या यंत्राकडे बघायचं होतं.

पुढं काही दिवस तुम्ही वर्गात नुसतं पुस्तकातलं शिकवलंत. मग आपल्या देशाचा पहिला उपग्रह वर गेल्याची बातमी आली आणि तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन, जवळजवळ धावतच वर्गात शिरलात. "आज तो गेला, उद्या आपण!" त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दहावी झाल्यावर मी टेलिफोनच्या ऑफिसात लागले. कानाला यंत्र लावून या गावाचा आवाज त्या गावाला जोडून द्यायचं काम. आम्ही वीसेक मुली एका लांब फळ्यासमोर रांगेनं बसायचो. पुढं एक दिवस मोठी कपाटं आली, आतून टिकटिकणारी, आणि ती आमचं सगळं काम करू लागली. आम्हाला कागदांच्या टेबलांवर बसवलं. त्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत उभी राहून मला तुम्ही आणि अम्मा दोघीही आठवलात, आणि कोण बरोबर होतं ते ठरवता येईना. अजून येत नाही. नवी पेठेतला रस्ता काही चालत नाही, उलट पाय ठेवायला जागा मिळत नाही. पण समुद्रापलीकडे असलेली माझी नात रोज माझ्या तळहातावरच्या काचेत उगवते, आणि मी बोट फिरवून तिचा गाल कुरवाळते. अम्मानं शेवटपर्यंत विड्या वळल्या, डोळे गेल्यावर तर नुसत्या स्पर्शानं.

हे पत्र कुठं टाकायचं हे मला माहीत नाही, आणि टाकायचंही नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवून देईन. पण एक गोष्ट लिहायची राहिली, तिच्यासाठीच खरं तर एवढं लिहिलं. टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणींना, सासरच्यांना, मुलांना, नातीला, सगळ्यांना मी तुमची गोष्ट रंगवून सांगत आले. आणि प्रत्येक वेळी सांगितलं की बाईंच्या यंत्रानं पानं फाडली, तंबाखू उधळली, सगळ्या बायका हसल्या. सगळे पोट धरून हसतात. खरं सांगितलं तर ते विचारतील, मग तुम्ही ते घेतलं का नाही? त्याचं उत्तर अम्माच्या तोंडीच शोभायचं. माझ्या तोंडून ते नीट निघत नाही, म्हणून मी सगळ्यांना तुमच्यावर हसू दिलं.

ते चाललं होतं, बाई. फार छान चाललं होतं.