आभाळाचे आठ भाग

कॅथरो बेट,
११ एप्रिल १९९९

ती. मर्टलताई,
सा. न. वि. वि.

पोचलो. हेलिकॉप्टरमधून उतरताना क्लेमची टोपी उडाली ती थेट दक्षिण ध्रुवाच्या दिशेनं गेली. मी विणलेली होती, त्यामुळे नवऱ्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. आता सहा महिने इथे आम्ही दोघं, बाकी सील आणि वारा.

दीपगृहाचे बिनपगारी राखणदार म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे काय येत असेल ते मला ठाऊक आहे. कंदील, शिडी, वादळात सापडलेली जहाजं. अगं, दिवा आपला आपण लागतो! एक छोटा विजेचा दिवा बसवलाय, त्याला आमची काही गरज नाही. आम्ही जुन्या दिव्याचं पितळ घासायचं, पन्हळी साफ करायच्या आणि गवत कापायचं. एका टोकाकडून कापत दुसऱ्या टोकाला जावं, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा वाढलेलं असतं. शिवाय काळ्या समुद्रपक्ष्यांनी बिळं करून सगळी जमीन पोखरलीय. रोज एकदा तरी माझा पाय गुडघ्यापर्यंत कुणाच्या तरी घरात जातो.

खरं काम म्हणजे सकाळी हवामान कळवायचं. वारा किती, पाऊस किती आणि आभाळ किती. मनातल्या मनात आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते रेडिओवर सांगायचं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं सहा, क्लेम म्हणाला आठ. मी बोट करून निळा तुकडा दाखवला, तर म्हणतो कसा, तो धरू नकोस, तो आत्ता जाईल. तेवढ्यावरून आम्ही जेवणापर्यंत बोललो नाही.

निघताना तुला सांगितलं ते अजून तसंच आहे. हा लाकडाचा ट्रक घेऊन रानात असायचा तोवर आमचं बरं चाललं होतं. निवृत्त होऊन माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्यापासून माझा जीव गुदमरतो. इथून परतल्यावर त्याच्या घरी जायचं की कायमचं तुझ्याकडे यायचं, ते या सहा महिन्यांत ठरवणार आहे. त्याला यातलं काही माहीत नाही. तुझी मागची खोली तेवढी कुणाला देऊ नकोस. रेडिओवर हे बोलता येत नाही, सगळा किनारा कान लावून बसलेला असतो. पत्र इथे शेवंडी धरायला येणाऱ्या लिंडसेच्या बोटीत कड्यावरून बादलीनं सोडतेय. वास आला तर तो आमिषाच्या मासळीचा समज.

लोभ आहे तो या दमट हवेत टिकेल असा ठेव.
तुझी,
नोरीन

गीव्हस्टन,
९ मे १९९९

चि. सौ. नोरीन हिस,
अ. उ. आ.

खोली रंगवली. फिकट पिवळी. पडदेही शिवले. पलंग खिडकीशी लावलाय, पडल्या पडल्या सफरचंदाची झाडं दिसतात. तू सहा महिने कशाला थांबतेस, मला कळत नाही. मी असते तर पहिल्या गवतालाच परतले असते.

सकाळच्या बातम्यांत तुमच्या बेटाचं आभाळ सांगतात, ते मी रोज ऐकते. पाच किंवा सहा आलं की समजते, तू जिंकलीस, आणि चहात एक चमचा साखर जास्त घालते. आठ आलं की त्याचं. खाटकाच्या दुकानातसुद्धा आता सगळे विचारतात, आज कोण? परवा मात्र सात ऐकलं आणि मी चमकले. सात कुणाचे? तडजोड वगैरे सुरू केलीत की काय? सांभाळ गं, अशीच सुरुवात होते.

तो तुमचा लिंडसे पत्र टपालात न टाकता डोव्हर बंदरातून स्वतः घेऊन येतो. सांगितलं तरी बूट दाराबाहेर काढत नाही. चहाबरोबर माझे स्कोन-पाव खातो, वर रास्पबेरीचा मुरंबा पातळ झालाय म्हणतो. मी विधवा झाल्यापासून रेगच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. हा न विचारता बसला. मला इतका राग आला की दुसरा चहा विचारलाच नाही. त्यानं आपणच ओतून घेतला.

एकटीची बशी धुवायचा किती कंटाळा येतो, हे मी तुला कधी बोलले नव्हते. आता दोन धुवायच्या म्हणून मी दिवस मोजतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस. मुरंब्याचं पुरे झालं.
तुझी ताई,
मर्टल

कॅथरो बेट,
२० जून १९९९

ती. ताई,
सा. न. वि. वि.

बुटांवर हिरवी बुरशी, पावावर हिरवी बुरशी, क्लेमवर अजून नाही. पाव तो स्वतः भाजतो. दार उघडं राहू नये म्हणून कालचा पाव दाराशी लावलाय, छान काम देतो.

गेल्या आठवड्यात असा वारा सुटला की पर्जन्यमापकापर्यंत रांगत जावं लागलं. क्लेमनं आम्हा दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला, ट्रकवर ओंडके बांधायच्या गाठीनं. गेलो, नोंद घेतली, आलो. पण ओला दोर काही सुटेना. तासभर दोघं चुलीपुढे एकमेकांना बांधलेले. रागावून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही. म्हणून मी विचारलं की, बाबा रे, तुला नेहमी जास्तच ढग का दिसतात?

तर म्हणाला की ढग कमी धरले आणि पाऊस आला, तर भरलेला ट्रक चिखलात घसरतो. म्हणून जास्तच धरायचे, म्हणजे माणूस घरी पोचतो. मग म्हणाला की रोज ट्रक चालवताना तो मोठ्यानं मला सगळं सांगायचा. आज आभाळ कसं आहे, रस्त्यात कोण भेटलं, कुठे वॉलबी, तो छोटा कांगारू, आडवा आला. मी शेजारी बसलेय असं समजून. घरी येईपर्यंत सगळं सांगून संपलेलं असायचं.

ताई, इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाकडे मला सांगायला काही नाही. मी भाजीची सुरी घेतली आणि दोर कापला. दोर चांगला होता म्हणून तो दोन दिवस हळहळत होता.

खोलीचा रंग कोणता म्हणालीस?

लोभावर बुरशी चढू देऊ नकोस.
नोरीन

गीव्हस्टन, अंथरुणातून,
२३ जुलै १९९९

चि. सौ. नोरीन,
अ. उ. आ., पण आधी चार शिव्या.

सोमवारी सकाळी रेडिओवर सांगितलं, कॅथरो बेटाची नोंद मिळाली नाही. नोरीन, माझ्या हातून किटली पडली. हवामानवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, बेटावरून कुणी उत्तर देत नाही, थोडी वाट बघू. मला कसली वाट बघवते! एक तर तू त्याला कड्यावरून ढकललंस, नाहीतर त्यानं तुला. लिंडसेला फोन केला. तो म्हणाला की मी बघून येतो. मी म्हटलं, मी पण येणार.

संपूर्ण वाटभर मी उलट्या केल्या, हे इथे एकदाच लिहिते, पुन्हा विचारायचं नाही. लिंडसेनं कपाळ धरलं. त्याच्या हाताला मासळीचा वास होता, त्यानं आणखी झाल्या.

दुपारी बेटाखाली पोचलो. लाटा खालून उचलत होत्या, खडकाला बोट लावता येईना. मी दुर्बीण लावली. वर हिरवळीवर दोन खुर्च्या, एक ब्लँकेट. क्लेमच्या खांद्यावर डोकं टाकून तू झोपली होतीस, तोंड उघडं टाकून, लहानपणी गाडीत झोपायचीस तशी. तो जराही हलत नव्हता. आम्हाला बघून त्यानं हात केला, तोही फक्त बोटांनी, तुला जाग येऊ नये म्हणून.

लिंडसे भोंगा वाजवणार होता. मीच त्याचा हात धरला. म्हटलं, फिरव बोट.

घरी येऊन खोलीत जाऊन बसले आणि रडले. तुझ्यावर रागावून रडले आणि तुझ्यासाठी आनंदानंही रडले. दोन्ही एकदमच आलं, त्याला मी काय करू? आता खरं काय ते तुझ्या हातानं लिही.

लोभ करावा लागतोच, बहीण आहेस.
मर्टल

कॅथरो बेट,
८ ऑगस्ट १९९९

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तू आली होतीस आणि मी झोपले होते! क्लेमला वाटलं लिंडसे शेवंडीचे पिंजरे काढायला आलाय. डेकवर कठड्याला टेकलेलं ते ताडपत्रीचं गाठोडं म्हणजे तू, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ऐक. त्या सकाळी आम्ही नेहमीसारखे भांडायच्या तयारीनं बाहेर आलो. वर पाहिलं तर आभाळ लखलखीत. पार किनाऱ्यापलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ दिसत होता. मी म्हटलं, एकही नाही. तोही म्हणाला, एकही नाही. एकाच वेळी. मग भांडायला काही उरेना. त्यानं खुर्च्या आणल्या, मी चहा आणला. तो ट्रकमधल्या गोष्टी सांगू लागला आणि या वेळी मी खरंच शेजारी होते. रेडिओ आत, आम्ही बाहेर. कळवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नंतर हवामानवाल्यांनी आमची चांगली खरडपट्टी काढली.

खोलीत मी राहायला येणार नाही, ताई. तू रंगवलीस, पडदे शिवलेस, दोन बशांची वाट पाहिलीस. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. पण मी त्याच्या घरी जाणार. आमच्या घरी.

जमलं तर लोभ असू दे, नाही जमलं तर दर रविवारी येऊन घेऊन जाईन.
नोरीन

गीव्हस्टन,
२९ ऑगस्ट १९९९

चि. सौ. नोरीन,
अ. उ. आ.

मला कधीचंच कळलं होतं. दुर्बीण चांगली होती.

बेटावरून परतलात की पहिल्या रविवारी दोघं या. पलंग एकाचा आहे, क्लेमला बाकावर झोपवू. दार धरायला त्याचा पाव आण.

आज सकाळी मी मागच्या खोलीच्या खिडकीतून आभाळ मोजून पाहिलं. चांगले पाच भाग मोकळे, झाकलेले फक्त तीन. लिंडसे म्हणतो सहा. न्याहारी होईपर्यंत सहावरून हटला नाही. असल्या माणसाबरोबर कसं निभायचं, ते आलीस की सांग.

माया असू दे. बूट आता तो बाहेर काढतो.
तुझी,
मर्टल