रानलसणाच्या वाफ्यातल्या पांढऱ्या घंटा

४ एप्रिल, शुक्रवार

धंदा सुरू. नाव अजून ठरलेलं नाही, पण धंदा सुरू.

ल्युदविकमामाच्या बागेतला खालचा वाफा, हेझलच्या झाडाखालचा. शरदात जंगलातून रानलसणाचे कांदे आणून तिथं टोचले होते. खणलं नाही, निंदलं नाही. पर्माकल्चरमध्ये जमिनीच्या कामात लुडबुड करायची नसते. आज जाऊन बघतो तर पालाच पाला, लावला त्याच्या दुप्पट. मधूनमधून नवी पानंसुद्धा सुरळी करून वर येतायत. काहीही न करण्याचं फळ इतकं गोड असेल असं वाटलं नव्हतं.

मामाला सांगायला गेलो. म्हणाला, खालच्या वाफ्याचं मला काही सांगू नकोस, मी तिकडे जात नाही. मामी गेल्यापासून तो खाली उतरलेलाच नाही. गुडघ्याचं कारण सांगतो.

संकल्प: पहाटे उठणे. गोगलगायींचा बंदोबस्त. आणि मुख्य म्हणजे, कुठलीच गोष्ट अर्धवट सोडायची नाही. फॉरेस्ट्री कॉलेज, पोर्तुगालमधलं कम्यून, ल्युब्लियानातलं कॉफीचं दुकान, ही प्रकरणं वेगळी. तिथली माणसं बरोबर नव्हती.

११ एप्रिल, शुक्रवार

पहाटे उठणं जमलं नाही. बुर्या सुटला होता. असल्या वाऱ्यात कौलांवर धोंडे ठेवावे लागतात, माणसानं अंथरुणातच असलेलं बरं.

पाला कापायला निघालो, तर वाटेत भिंतीवर एक हिरवा सरडा. सरडे गोगलगायींची अंडी खातात असं कुठंतरी वाचलं होतं. त्याच्यासाठी दगडांचं घर बांधलं. छान झालं. तेवढ्यात दुपार टळली, मग कात्रीनं भराभर कापणी.

पुस्तकात म्हटलंय की एकेक पान चुरगळून हुंगावं. पहिलं हुंगलं, लसूण. दुसरं, लसूण. तोवर बोटांनाच लसणाचा वास लागला. पुढं हुंगायचं कशाला? सगळंच लसूण.

अक्रोड, तेल, मीठ घालून चटणी वाटली. चाखली नाही. मला लसूण सोसत नाही, पोट फुगतं. तसंही, धंदेवाल्यानं आपल्या मालात गुंतू नये.

एक बरणी मामाला, भाड्याऐवजी. त्यानं झाकण उघडून नाक लावलं. बोकडाच्या दाढीचा वास येतोय म्हणाला, कोंबड्यांना घालतो.

१२ एप्रिल, शनिवार

बाजार. प्रतिसाद जबरदस्त.

योझीकाकूंनी दोन बरण्या घेतल्या. काकू म्हणजे रादोची बायको, आणि रादो म्हणजे आमच्या गावच्या बंबवाल्यांचा म्होरक्या. गावात आग लागली की बंब काढायचा आणि आग नसेल तेव्हा पार्टी काढायची, दोन्ही कामं त्याचीच. पोस्टवाल्या सिल्वानानं एक घेतली, आईसाठी. काकूंनी मार्केट रिसर्चही केला: आईला फोन करतोस का, रात्रीचं जेवतोस ना, हा स्वेटर कुणाचा.

उरलेल्या बरण्या मामाच्या फ्रिजमध्ये. न विकलेला माल नव्हे. राखीव साठा.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. काकू हॅम आणि अंडी परडीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला निघालेल्या, वाटेत गाठलं. चटणी कशी होती? संपलीसुद्धा, म्हणाल्या. रादोनं बरणी बोटानं पुसून खाल्ली म्हणे. मागून सिल्वाना आली. तिची आई रोज पावाला लावते.

आणि खरी बातमी पुढंच. तीस तारखेला, मे दिनाच्या आदल्या रात्री, टेकडीवर मोठा जाळ करतात, आख्खं गाव जमतं, जो तो घरून काहीतरी आणतो. काकू म्हणाल्या, तूही आण काहीतरी, आणि नाही आणलंस तरी चालेल हो.

बल्क ऑर्डर!

२५ एप्रिल, शुक्रवार

दुसरी कापणी. नवी पानं रुंद, कोवळी, जोडीजोडीनं आलेली. जात सुधारतेय. मोठा डबाभर चटणी करून बंबाच्या शेडमधल्या फ्रिजमध्ये पोचवली. उरलेली मामाच्या फ्रिजमध्ये.

येताना बदकांबद्दल वाचत आलो. बदकं गोगलगायी खातात. सरड्याचं घर रिकामंच आहे.

२७ एप्रिल, रविवार

वाफ्यात फुलं आलीयत.

रानलसणाला चांदण्यांसारखी फुलं येतात. ह्या चांदण्या नाहीत. घंटा आहेत. पांढऱ्या, चिमुकल्या, एका बाजूला माना टाकलेल्या. वास गोड.

श्मार्नित्सा. इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मे महिनाभर संध्याकाळी चर्चमध्ये मेरीमातेपुढं हीच फुलं असतात. लहानपणी मीच मुठीत धरून नेलीत, आणि परत आल्यावर आईनं मानगूट धरून हात धुवायला लावलेत. पान, फूल, ज्या पाण्यात ठेवली ते पाणी, सगळं विष.

हा मामीचा वाफा. चर्चच्या फुलांचा. मी तिच्या फुलांत लसूण टोचला, आणि जमिनीनं दुप्पट दिलं म्हणून नाचलो.

हात धुतले. परत धुतले.

शांतपणे विचार करू. सगळीच पानं काही ती नसतील. थोडी असतील. थोडी म्हणजे किती? बरणीत पान ओळखू येत नाही, मी चांगलं बारीक वाटतो.

फोनवर वाचलं. विष हृदयाला लागतं. मळमळ होते, ठोके मंद होतात, मग आणखी मंद होतात. फोन मोज्यांच्या खणात ठेवून दिला.

उद्या सगळ्यांना सांगायचं. सोमवार अशा कामांना चांगला.

२८ एप्रिल, सोमवार

काकूंकडे गेलो. सुरुवात चटणीपासून केली, म्हणजे ओघात सांगता येईल. त्या म्हणाल्या, काय सांगू आंझे, अजून एक बरणी असती तर! रोज न्याहारीला तीच, रादो तर दुसरं काही खातच नव्हता. काकूंचा चेहरा पांढराफटक दिसत होता. पीठही असेल, केक चालला होता. आभार मानायच्या निमित्तानं हात धरला आणि नाडी शोधली. सापडली नाही. म्हणजे नाडीच नाही की मला शोधता येत नाही? काकूंचे डोळे भरून आले. भांडंभर सूप देऊन पाठवलं. सांगायचं राहिलं.

सिल्वाना रस्त्यात भेटली. आईची चौकशी केली. कालपासून पडून आहे म्हणाली. का? असंच.

असंच. किती भयंकर शब्द आहे हा.

घरी येऊन कोंबड्या बघितल्या. ठणठणीत. एक तर अंगावर धावून आली. मामानं त्यांना आख्खी बरणी घातली होती, आणि एकीलाही काही झालेलं नाही. हा शास्त्रीय पुरावा झाला. उगाच घाबरलो.

कोंबड्यांच्या हृदयाचं काही वेगळं असतं का, ते बघितलं पाहिजे. फोन मोज्यांत आहे. राहू दे.

२९ एप्रिल, मंगळवार

आज नक्की सांगणार होतो. रादो शेडबाहेर लाकडं भरत होता. म्हणाला, आलास ते बरं झालं, धर तिकडून. धरलं. त्याच्याकडं बघत होतो, घाम येतोय का. येत होता. मलाही येत होता. डब्याबद्दल विचारलं, परत मिळेल का, एक मसाला घालायचा राहिलाय. म्हणाला, अरे, तुझ्या हातचं आहे तसंच द्यायचं लोकांना, लाजतोस काय.

सांगितलं नाही. लाकडं भरून झाल्यावर सांगायचं म्हटलं, तर बियर आली.

घरी येऊन सॅक भरली. पळून जायला नव्हे. तयार असावी एवढंच.

मामानं आज कॉफी घेतली नाही. दोनदा मोरीकडं धावला. ईस्टरचं हॅम बाधलं म्हणतो. दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय म्हणाला. बल्ब बदलून दिला. ह्या सगळ्यात त्याची तेवढी काळजी नाही, हेच नशीब. त्याला माझी चटणी आवडली नव्हती.

१ मे, गुरुवार

काल झालं ते नीट लिहितो.

बेत असा होता: लवकर जायचं, डबा उचलताना पाय घसरायचा. लवकर निघालोही. पण उतारावर कुणाचीतरी शेळी सुटली होती, तिला आवरण्यात वेळ गेला. पोचलो तेव्हा टेकडीवर सगळं गाव. जाळ पेटलेला. माझा डबा टेबलाच्या कडेला, झाकण लावलेला, कुणी हात न लावलेला.

मी तिथंच उभा राहिलो. डब्यावरून नजर हलेना. कुणी जवळ आलं की मी आडवा सरकायचो.

चूक तिथंच झाली. माझं तोंड बघून लोकांना वाटलं, पोर खट्टू झालंय. रादोनं योझीकाकूंकडं बघितलं, काकूंनी सिल्वानाकडं.

"अरे, आंझेचा डबा कुणी उघडलाच नाही की," रादो मोठ्यानं म्हणाला. "चला रे, पाव घ्या सगळ्यांनी."

बंबवाले ओळीनं उभे राहिले. रादोनं स्वतः पावावर जाड थर दिला आणि माझ्याकडं बघत पाव तोंडाजवळ नेला. आख्खं अग्निशमन दल, गणवेशात, मला बरं वाटावं म्हणून मरायला निघालेलं.

"खाऊ नका," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. परत म्हणालो. "त्यात श्मार्नित्सा आहे."

रादोनं पाव खाली घेतला. "किती?"

"माहीत नाही."

"आणि बाजारात विकलीस त्यात?"

"त्यातही असेल. तुम्ही रोज खाल्लीत ती."

जाळात लाकूड तडकलं. मग योझीकाकू मटकन बाकावर बसल्या आणि तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून हसायला लागल्या. हसता हसता रडायलाही.

"आंझे, बाळा, ती कुणी खाल्लीच नाही रे."

मग सगळं बाहेर आलं. रादोनं पहिला चमचा तोंडात घातला आणि खिडकीतून थुंकला. दोन्ही बरण्या खतात गेल्या. सिल्वानाच्या आईनं वास घेऊनच झाकण लावलं. ती पडून आहे ती कंबर धरली म्हणून. तोंडावर कसं सांगायचं, एवढा जीव लावून विकतोय पोरगा, म्हणून सगळ्यांनी मिळून स्तुती केली होती. सिल्वाना म्हणाली, विष म्हणून नव्हे हं, चवच तशी होती. लोक हसू लागले. मीही हसलो. आयुष्यात कधी अपमानानं इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"मी खाल्ली."

मामा बाकाच्या टोकाला बसला होता. कुणाकडं बघत नव्हता.

"तू कोंबड्यांना घातलीस ना?"

"घालतो म्हणालो होतो." घोगरा आवाज. "रोज सकाळी, पावाला लावून. फ्रिजमधल्याही."

रादोनं त्याचं मनगट धरलं, त्याला नाडी लगेच सापडली, आणि रादोचा चेहरा बघून मला कळलं. बंब काढला. मामाला पुढच्या सीटवर, मला मागं होसपाईपांवर. सायरन लावला. रस्ताभर सायरन मलाच ओरडतोय असं वाटत होतं. घाटात मामाची मान खिडकीकडं कलली. मी मागून काचेवर थापा मारल्या, तर त्यानं वैतागून हात हलवला. तेवढा हात हलवलेला मी जन्मभर विसरणार नाही.

२ मे, शुक्रवार

हॉस्पिटल. मामाच्या छातीला वायरी. पडद्यावर हिरवी रेघ वर उडी मारते आणि मग वाट बघायला लावते. प्रत्येक वेळी वाटतं, आता मारणार नाही. मारते. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. आणखी थोडे दिवस उशीर झाला असता तर, असा शेवट होता.

काल रात्रीपेक्षा ठोके सुधारलेत म्हणतात.

मामा दुपारी जागा झाला. मी विचारलं, बोकडाच्या दाढीचा वास येत होता, तर खाल्लीस कशाला?

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"तू विकायला निघाला होतास," म्हणाला. "घरात कुणीतरी खायला नको?"

बाहेर जिन्यात येऊन बसलो. सॅक घरी भरलेलीच आहे. आज बस आहे. उद्याही असते.

६ मे, मंगळवार

मामा काल घरी आला. स्वयंपाक माझ्याकडं. पर्माकल्चर तूर्त स्थगित. धंदा बंद नाही, स्थगित. बाजारात काकू भेटल्या तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की त्या आता मला कायम खरंच सांगणार आहेत, आणि हा स्वेटर टाकून दे.

दुपारी बटाट्याचं सूप केलं. दुकानचे बटाटे, दुकानचा कांदा. बागेतलं काही नाही, पार्स्लीसुद्धा नाही. मामापुढं वाडगा ठेवला. त्यानं तो माझ्याकडं सरकवला.

"आधी तू."

हसलो. तो हसला नाही. हाताची घडी घालून बसला.

चमचा तोंडात घातला. दुकानचे बटाटे आहेत हे मला माहीत आहे, मीच आणलेत, मीच सोललेत. तरी दुसरा हात मानेवर गेला, नाडी शोधायला. सापडली. जोरात पळत होती. मामा माझ्याकडं बघत होता, आणि मीही मधूनमधून माझ्याकडंच बघत होतो, समोरच्या काचेच्या कपाटात.

बराच वेळ गेला. मग मामानं वाडगा ओढून घेतला. सूप पार गार झालं होतं. मीठ नाही म्हणाला, आणि सगळं संपवलं.