आवाज बसू दे

८ मे, गुरुवार

संजूचं नाव आलं! मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेलं गाणं पुण्याच्या कॉलेजला पसंत पडलं. संगीत नाटकाचा अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं गायचं, अभिनय करायचा, शेवटी पदवी. आता सोळा जूनला समोर बोलावलं आहे. एक नाट्यपद, एक भावगीत आणि दोन मिनिटं संवाद म्हणायचा. म्हणजे खरी परीक्षा पुढेच.

मला वाटलं होतं पोरगी नाचेल. बरं झालं, म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

हे एसटीवर ड्युटीत होते. मागून प्रवासी तिकीट मागत होते, तशातच फोन उचलला. संजू पास झाली सांगितलं. म्हणाले, छान. मग म्हणाले, "पुण्याले नेईन कोण?" मी म्हटलं, आपले सर आहेत ना.

राजकुमार सर नसते तर जानेफळच्या पोरीला हे कॉलेज आहे हेसुद्धा कळलं नसतं. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी तिला ऐकलं, आणि मेहकरहून स्वतः मोटारसायकलवर घरी आले. तेव्हापासून तिला गाणं शिकवतात, फी घेत नाहीत. मी एकदा पाकीट पुढे केलं तर हात जोडले – "वहिनी, गळा देवानं दिला, मी पैसे कशाचे घेऊ?" आजच्या काळात असा माणूस! गुरुवारची पोथी वाचताना त्यांच्या नावानेही एक फूल वाहिलं.

१० मे, शनिवार

सर आले होते. पेढा दिला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, लिहून ठेवते.

एक. आवाज चांगला, पण सूर अजून बसला नाही. एकदा बसला की कोणी अडवणार नाही. त्यासाठी आता मेहकरला त्यांच्या घरी यावं लागेल, एक दिवसाआड. श्वास पोटातून घ्यायला शिकवायचा आहे, त्याला बंद खोली आणि शांतता लागते.

दोन. बोली. पुण्याचे परीक्षक पहिल्या वाक्यालाच ओळखतात म्हणे. "मले-तुले ऐकलं की ते कागद बाजूला ठेवतात." म्हणून आजपासून घरात वऱ्हाडी बंद. संजूने मला माय म्हणायचं नाही, आई म्हणायचं. आणि मीही तिच्याशी शुद्धच बोलायचं. जमत नसेल तर कमी बोला, म्हणाले. हसूनच म्हणाले.

मॅट्रिक झाले आहे मी. लिहायला शुद्ध येतं. तोंडाला येत नाही.

१३ मे, मंगळवार

जगदंबेला गेले. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल लावलं आणि मागणं मागितलं – माय, माझ्या पोरीचा आवाज बसू दे. पाच मंगळवार ओटी भरीन, ही पहिली. डोळे उघडते न उघडते तो उजवं फूल पडलं! देवीची पूजा करणाऱ्या जनकाबाई म्हणाल्या, एवढ्या लवकर कौल कोणाला मिळत नाही.

घरी आले तेव्हा छातीत हलकं वाटत होतं.

१७ मे, शनिवार

घरात फार शांत झालं आहे. हे ड्युटीवर. मी जपून बोलते, ती जपून बोलते. आधी आम्ही दोघी भाजी निवडता निवडता साऱ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो. आता "आई, मीठ द्या." कोणाच्या घरी पाहुणी आल्यासारखं.

दुपारी ती मेहकरहून आली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "माय, एक सांगू का तुले?" मी बोट ओठावर ठेवलं. म्हटलं, आई म्हण. शुद्ध बोल, सवय मोडते.

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, काही नाही, आई.

२० मे, मंगळवार

दुसरी ओटी भरली.

२२ मे, गुरुवार

संजूचा आवाज बसला.

सकाळी उठली ती घोगरी. मला वाटलं, उन्हाचं असेल. मिठाच्या गुळण्या दिल्या, हळदीचं दूध दिलं. ज्येष्ठमध दुकानात महाग, म्हणून कुंपणावरच्या गुंजेचा पाला आणून चघळायला दिला. जुने भजनी तोच चघळतात. बी एकही येऊ दिलं नाही, बी विषारी असतं, दोनदा झटकून पाहिलं.

आज मेहकरला गेली नाही. सरांचा फोन आला. मी म्हटलं, आवाज बसला आहे. ते म्हणाले, "तरी पाठवा. गायचं नाही, नुसता श्वासाचा रियाज घेऊ."

पाठवली असती, पण तिला उलटी झाली.

२५ मे, रविवार

तसाच आहे. बोलते तेही फुसफुस. सर घरी येऊन गेले. तिला समोर बसवलं, हनुवटीला धरून तोंड वर केलं, घसा पाहिला. तिने डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, मनाचं आहे वहिनी, भित्री आहे, माझ्यावर सोडा, आवाज येईपर्यंत मीच इथे येत जाईन.

२७ मे, मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

तिसरी ओटी भरायला गेले. जनकाबाईंनी विचारलं, पोरीचं कसं काय. सांगितलं, बाई, नवस केला आणि उलटंच झालं, आवाज पार बसला. त्या समईत तेल घालत होत्या, हात थांबला त्यांचा.

"तू मागतलं का होतं देवीले? शब्द सांग."

मी सांगितलं. आवाज बसू दे.

"मंग बसला ना व बाई! तू जे मागतलं तेच देल्लं तिनं. सूर बसू दे म्हणाले पाह्यजे होतं."

सरांनी सूर म्हटलं होतं. मी आवाज म्हटलं. गायनातलं बसणं वेगळं, आपल्या घरातलं बसणं वेगळं. देवीने माझ्या शब्दाला धरलं. उजवं फूल कसं झटकन पडलं होतं!

माझ्याच तोंडाने माझ्या पोरीचा गळा धरला मी.

२८ मे, बुधवार

जेवण गेलं नाही. कोणाला सांगू? हे हसतील. सरांना सांगितलं तर अडाणी म्हणतील. संजूकडे पाहवत नाही.

३ जून, मंगळवार

चौथी ओटी. पण एकदा मागितलेलं देवीकडे परत कसं फिरवायचं? जनकाबाईंना विचारलं, आवाज उठू दे म्हणू का? त्या म्हणाल्या, आवाज उठला म्हणजे गावात बोभाटा झाला, तसं नको म्हणू! एवढ्या काळजीतही दोघींना हसू आलं. शेवटी बसून, नीट विचार करून शब्द ठरवला – मोकळा. माय, माझ्या पोरीचा आवाज मोकळा होऊ दे. तीनदा म्हटलं, चुकू नये म्हणून.

दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. पुष्कळ वेळ उभी होते. डावं नाही, उजवं नाही. जनकाबाई म्हणाल्या, कधी कधी देवी थांबते.

५ जून, गुरुवार

सरांची एक जुनी विद्यार्थिनी आहे, धाड गावची अनुपमा. दोन वर्षांमागे याच कॉलेजात लागली होती आणि दोन महिन्यांत परत आली. मग लग्न झालं. सरांसमोर तिचं नाव काढलं की म्हणतात, शिस्त नव्हती. तिकडच्या राहण्याखाण्याचं विचारावं म्हणून ओळखीतून नंबर मिळवला.

चांगली बोलली. वसतिगृहाचं सांगितलं, परीक्षक प्रेमळ आहेत म्हणाली. बोलीचं मी विचारलं तर हसली. "काकू, मले तं त्यायनं धाडची बोली बोलून दाखव म्हटलं होतं. आवडली त्यायले." मी गोंधळले. सर तर उलट सांगतात.

मग तिने विचारलं, "संजूसंगं पुण्याले कोण चाललं?" मी म्हटलं, सर.

मग म्हणाली, "काकू, तुम्ही जा. काहीही करा पण तुम्ही जा." आणि ठेवूनच दिला. परत लावला, उचलला नाही.

परत आलेल्या पोरींच्या मनात काहीतरी अढी राहते. तसंच असावं. पण मन लागत नाही.

८ जून, रविवार

सर तिकिटं घेऊन आले. दोन. स्वतःचं आणि संजूचं. पंधराला सकाळी घरून घेऊन जातील, मेहकरहून पुण्याची गाडी. मुक्काम त्यांच्या मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर. मी भीतभीत म्हटलं, मीही आले तर? लगेच म्हणाले, "आईला पाहून मुलं कच्ची पडतात. आणि तुम्ही तिथं बोललात तर?" मी खाली पाहिलं.

ते गेल्यावर संजूने अंगण झाडलं. जिथे त्यांची मोटारसायकल उभी होती तिथे दोनदा झाडलं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वडाला गेले, तिथूनच देवीला पाचवी ओटी. फुलं आजही हलली नाहीत.

१२ जून, गुरुवार

भिंतीपलीकडे बिस्मिल्लाबी राहतात. ब्लाउज शिवतात. आज ब्लाउजच्या काजबटणाचं काम द्यायला गेले तर म्हणाल्या, "परवा तू वडाले गेल्ती, आन् तुही पोट्टी का गात होती गं! मशीन बंद करून ऐकत बसली मी."

मी म्हटलं, कसं शक्य आहे? तिचा आवाज बसून तीन आठवडे झाले. रेडिओ असेल.

"रेडिओ मधातच थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हणत असते का? चुकली की स्वतःवरच चिडे, मंग पुन्हा म्हणे. मह्या कानाले मशीननं बहिरं केलं, पण एवढं नाही." सुईत दोरा ओवत पुढे म्हणाल्या, "आन् त्या मास्तरची गाडी आली की खिडकी लागते तुमची. तूच लावतं का?"

मी लावत नाही.

१३ जून, शुक्रवार

देवळात जाते सांगून निघाले आणि मागच्या गल्लीने वळून बिस्मिल्लाबींच्या परसात थांबले. त्यांनी पाट पुढे सरकवला.

थोड्या वेळाने सुरू झालं. तेच नाट्यपद. वरच्या जागेला आधी तिचा आवाज चिरत असे. आज चिरला नाही. तिथे गेला आणि नीट बसला, पाटावर माणूस बसावा तसा. सरांनी म्हटलं होतं ते हेच बसणं! माझे हात आपोआप जोडले गेले. देवीने ऐकलं म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या दारी मोटारसायकल थांबली. गाणं अर्ध्यात तुटलं. खिडकी लागली. आणि मग कानाला लागलं, घोगरं, फुसफुसतं –

"आई देवळात गेल्या आहेत, सर. माझा आवाज बसलाय."

हात जोडलेले तसेच राहिले. बिस्मिल्लाबी उठून धावतच पुढच्या दाराला गेल्या आणि मोठ्याने हाका मारायला लागल्या, संजू, वाटीभर साखर दे वं. त्यांच्याकडे साखरेचा डबा भरलेला होता, मी पाहिला होता.

१४ जून, शनिवार

पिशवी भरली. विचारायला चारदा तोंड उघडलं. शुद्ध शब्दच सापडला नाही.

१५ जून, रविवार

पहाटे चुलीपाशी बसली होती. मी जवळ गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, संजू, का झालं वं? माय हाये मी तुही. सांग मले.

जवळजवळ महिन्यानंतर तिचा बोलतानाचा आवाज ऐकला. घोगरा नाही, काही नाही. भरलेला.

"माय, मले त्या माणसासंगं पाठवू नोको. श्वास शिकवतो म्हणते आन् हात काढत नाही. आवाजच नसला तं बलावणार नाही वाटलं मले."

तिला गाणं सोडायचं नाही. ते तिने आधी सांगितलं, मग रडली. यांना फोन केला. हे म्हणाले, डेपोतून निघालो, मी येईपर्यंत दार उघडू नको. पुण्याला दुपारच्या गाडीने आम्ही दोघी जातो.

मोटारसायकल आली. हॉर्न वाजवतात. कडी आतून लावली आहे. संजू म्हणे, माय, खिडकीतून तूच बोल. म्हटलं, मले शुद्ध नाही येत.

म्हणे, वऱ्हाडीतच बोल.