डावी बाजू कोरी

ता. ६ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, तू माझं नाक कापलंस! 'माझी खोली' हा फ्रेंच निबंध मी तुला नुसता नजरेखालून घालायला पाठवला होता. तू तो अख्खा नव्याने लिहून पाठवलास आणि मीही आळशीपणाने तसाच उतरवून दिला. तीस वर्षं कंपनीचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळलास हे कबूल, पण निबंधाच्या शेवटी 'खोली सुस्थितीत मिळाल्याची पोच द्यावी' असं कुणी लिहितं का? बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. सगळे खो खो हसले, बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की ही खोली कुणाची आहे, कारण तुझी तर वाटत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर आता नीट ऐक. दुसऱ्या वर्षाला बाईंची लिहून घ्यायची रीत वेगळीच आहे. कागद उभा दुमडायचा. उजव्या बाजूला आपण लिहायचं, डावी कोरी ठेवायची. मग वर्गाबाहेरच्या, फ्रेंच येणाऱ्या एका माणसाने तो वाचायचा आणि डाव्या बाजूला फक्त प्रश्न लिहायचे. एकही दुरुस्ती करायची नाही! त्या प्रश्नांवरून आपण पुन्हा लिहायचं आणि दोन्ही कागद ५ सप्टेंबरला एकत्र द्यायचे. माझा माणूस तूच, दुसरा आहे कोण.

विषय आहे 'मला न मिळालेलं उत्तर'. वाचून तुला धक्का बसेल, पण रागावू नकोस. आपल्या भाषेत हे लिहायला बसले की मी दहा वळणं घेते. फ्रेंचमध्ये मला वळणं घेताच येत नाहीत, त्यामुळे सरळ लिहून झालं. आईपाशी अवाक्षर काढू नकोस हं. तिला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर माझी हिंमत झाली.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी
ठमी


ता. १७ ऑगस्ट

चि. ठमाबाई हिस,
अ. उ. आ.

अक्षर पाहून घाबरू नकोस. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यावर पट्टी आहे आणि डावा डोळा पहिल्यापासूनच कामचुकार. तरी हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

पोरी, माझ्या हातून फार वाईट घडलं. तुझं पाकीट आलं तेव्हा ताई, म्हणजे तुझी आई, माझ्या डोळ्यात थेंब घालायला उशाशी बसली होती. चार दिवस माझी शुश्रूषा करायला आली होती. वरच तुझा दुमडलेला कागद होता. मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, की भाचीचा निबंध आलाय, जरा वाचून दाखव. तुझं पत्र पाकिटाच्या तळाशी राहिलं होतं, ते मला आज सकाळी भिंग लावून वाचता आलं. काय उपयोग!

आता तू म्हणशील, आईला फ्रेंच कुठून आलं? अगं, तिचं फ्रेंच माझ्याहून चांगलं आहे. का आणि कसं ते मी सांगायचं नाही, तशी तिची शपथ आहे.

पहिल्या चार ओळी तिने झरझर वाचल्या. 'मी सहा वर्षांची असताना आई मला सोडून गेली', या वाक्यापाशी ती थांबली. मला वाटलं, तुझं अक्षर लागत नसेल. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी म्हणालो, की राहू दे. ती ऐकेना. मोठ्याने वाचतच गेली. आठ महिने आई नव्हती. आजी आजारी म्हणून आई तिकडे गेलीय असं सगळे सांगत होते आणि आजारी आजी स्वतःच ठणठणीत जिना चढून तुला भेटायला आली. तू आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलंस आणि त्याला उत्तर आलं नाही. 'म्हणजे आईला मी नकोच होते', हे शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अगदी हळू.

मग कागदाची घडी पिशवीत घातली आणि दुपारच्याच गाडीने घरी गेली. थेंब घालायचे तसेच राहिले. तुला हे सगळं ठाऊक होतं, याचा आम्हा कुणाला पत्ताच नव्हता गं.

या आंधळ्या मामाला जमलं तर माफ कर आणि लोभ तेवढा राहू दे.
तुझा
मामा


ता. २१ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
सा. न.

तुझं पत्र जेवताना वाचलं. मेसमध्ये ताट तसंच टाकून उठले.

आईला फ्रेंच येतं? माझ्या आईला? मी प्रत्येक सुट्टीत तिच्यासमोर धडे घोकले, तेव्हा ती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एका शब्दाने बोलली नाही! तेरा वर्षं तुम्ही सगळे मिळून माझ्याशी खोटं बोललात आणि आता शपथा सांगतोस. मामा, ती कुठे गेली होती?

तीन दिवस फोन करतेय, आई उचलत नाही. बाबा म्हणतात, ती जेवते, कामं करते, बोलत मात्र नाही. कागदही तिच्याकडेच आहे. निबंध गेला खड्ड्यात, पण मी जे तिला कधीच विचारू शकले नाही, ते तिला स्वतःच्या तोंडाने वाचावं लागलं. याची मला इतकी शरम वाटते, की घरी कुठल्या तोंडाने येऊ कळत नाही.

डोळ्याला जप. माझ्यावरचा लोभ आता तुझ्याच हाती.
ठमी


ता. २६ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलला नाही, कारण मी नुसती रडले असते. लिहिताना निदान थांबता येतं.

मी शिकायला गेले होते. लग्न झालं तेव्हा फ्रेंचच्या पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तू शाळेत जायला लागलीस, तेव्हा तुझे बाबाच म्हणाले, की आता नाही तर कधीच नाही. कॉलेज परगावी होतं. एवढ्याशा मुलीला टाकून आई शिकायला गेली म्हणण्यापेक्षा आजी आजारी आहे म्हणणं सगळ्यांना सोपं वाटलं. मलासुद्धा. तिथेच आमचं चुकलं. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मी परत आले ती आलेच. अर्धवट राहिलेल्या गोष्टीची कसली फुशारकी मारायची, म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकली आणि मामाला शपथ घातली. तू धडे घोकायचीस तेव्हा ओठ घट्ट मिटून घड्या घालत होते, हे खरं आहे.

पण तू मला नको होतीस असं तुला वाटलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते वाक्य वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्यांदा वाचलं ते, मी चुकीचं तर वाचलं नाही ना, हे बघायला.

शरम तुला नाही, मला वाटायला हवी. घरी ये.

सोबत तुझा कागद आहे. बाईंचा नियम मामाने कळवला, म्हणून एकही दुरुस्ती केलेली नाही. हात फार शिवशिवत होता. बारा चुका आहेत, त्या तुझ्या तू शोध. शिवाय आठ महिने नव्हे, अकरा. मी एकेक दिवस मोजला होता. डाव्या बाजूला एकच प्रश्न लिहिलाय.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी
आई

ता. क. तेरा वर्षांनी फ्रेंच लिहिलं, अक्षर लागेल न लागेल, म्हणून प्रश्न इथेही लिहिते. तू मला लिहिलेलं ते पहिलं पत्र सोमवारी माझ्या हाती पडलं. मंगळवारी सकाळी तू तोंडात ब्रश घेऊन दार उघडलंस, तेव्हा दारात कोण उभं होतं?