नळामागचा कोपरा

प्रिय ताई,

तू म्हणशील, काहीतरी हवं असल्याशिवाय हा कागदाला हात लावत नाही. या वेळी मागत नाहीये गं, देतोय! काय ते शेवटी. मधेच ‘मुद्द्यावर ये’ म्हणायचं नाही.

बोटीवरचं काम सोडलं, बेकरीतलंही सोडलं (ती गंमत पुन्हा कधीतरी). सध्या एका मत्स्यालयात टाक्या घासतो. इथली जेलीफिशची गोल टाकी म्हणजे सगळ्या इमारतीची शान. तर मी आलो आणि जेलीफिश एकामागून एक मेल्या. माझा पायगुण! मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं, सुट्ट्या लागेपर्यंत टाकीत काही हललं नाही तर इथं खेळण्यांचं दुकान. म्हणजे टाकी सांभाळणाऱ्या बाई घरी, आणि त्यांच्या हाताखालचा मीही.

बाई नव्या जेलीफिश मागायला गावोगाव गेल्या. इकडे साहेबांनी माझ्या हातात घासणी दिली, “एक डाग राहता कामा नये.” मी घासतच होतो गं, पण शेजारच्या टाकीतला ऑक्टोपस माझ्याकडे बघून हात हलवायला लागला. मग मीही हलवला. त्याला आठ हात, मला दोन, हरलोच. या नादात नळामागचा कोपरा राहिला. तिथं तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके चिकटले होते. तू म्हणतेस ना, माझं काम म्हणजे वेणी घालायची आणि रिबन विसरायची.

बाई रिकाम्या हातानं परत आल्या, कोपऱ्याशी थबकल्या. म्हटलं, गेली नोकरी. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि ओल्या एप्रनसकट मला मिठी मारली. “अरे गाढवा, हे डाग नाहीत, पॉलिप आहेत!” मेलेल्या जेलीफिशची पिल्लं आधीच भिंतीला चिकटून बसली होती. एकदा चिकटली की त्यांना पुढं नर लागत नाही, मादी लागत नाही. अंगालाच कोंब फुटतो आणि शेजारी दुसरा पॉलिप उभा. आणि गारठा लागला, की त्याहून मोठी जादू.

आम्ही पाणी गार केलं आणि टक लावून बसलो. साहेब रोज येऊन टोमणा मारायचे, “काय, डागांना पाय फुटले का?” बाई भिंग काढून पुन्हा कोपऱ्यात डोकवायच्या. हळूहळू पॉलिप उंच झाले, अंगावर वळ्या पडल्या. अगदी बश्यांची चळत. आणि सुट्ट्या तोंडावर आल्या तेव्हा सगळ्यात वरची बशी थरथरली, सुटली, आणि पोहायलाच लागली की! मग दुसरी, तिसरी. टाकीभर आठ-आठ पाकळ्यांची इवली इवली फुलं उघडमीट करत होती. साहेब आले तशा बाई म्हणाल्या, “फुटले, साहेब. एकेकाला आठ-आठ.” मी तर टाकीभोवती नाचलो. खेळण्यांचं दुकान गेलं उडत!

पण सगळे तरंगणाऱ्यांकडे बघत होते आणि मी कोपऱ्याकडे. एवढ्या बश्या सोडूनही पॉलिप तिथंच होता, एवढासा, भिंत धरून. मला आधी दादा आठवला, मग मधला, मग मी. आई गेल्यावर तू आम्हाला वाढवलंस आणि एकेकाला सोडलंस. आणि काकू चारचौघांत म्हणते, “ही आपली भिंतीला चिकटलेली.” काकूला म्हणावं, भिंग घेऊन ये.

तर मुद्दा. बाईंनी मला कायम करून घेतलंय, वरची खोलीही दिलीय. पाकिटात तुझ्या नावाचं तिकीट आहे, फक्त येण्याचं. जायचं कधी ते तू ठरव. नाहीच ठरवलंस तरी खोली मोठी आहे. बाबांची काळजी नको, त्यांच्यापाशी दादा राहायला येतोय. कुरकुरला, पण मी फोन ठेवलाच नाही, शेवटी हो म्हणाला. काम पूर्ण केलं बघ, रिबनसकट! पॉलिपला भिंत सोडता येत नाही, ताई. तुला येते. ऊठ, बॅग भर.

स्टेशनवर हात हलवत उभा असलेला,
तुझाच शेंडेफळ भाऊ